मातीच्या पाट्या आणि पहिली शहरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराक, सीरिया, तुर्कस्तानात सापडलेल्या कीलाकार (इंग्रजीत क्यूनिफॉर्म) लिपीतल्या पाट्यांबद्दल बोलायला लागलं की लोकांकडून साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढलेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथे विषय दुसरीकडे आलाय तिथे नंबर दिलाय.

१. क्यूनिफॉर्म ही भाषा आहे का लिपी?

लिपी. आपल्या देवनागरीत जशी मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी लिहितात तशी या एका लिपीत सुमेरियन, अक्कडियन, एलामाइट, हित्ती अशा भाषा लिहिल्या गेल्या, आणि त्यातल्या सुमेरियनचं तर जगातल्या कुठल्याच माहीत असलेल्या भाषेशी नातं लागत नाही. ओल्या मातीची पाटी डाव्या हातात धरायची आणि बोरूचं टोक तिरकं दाबायचं, की पाचरीसारखा खळगा उमटतो. पाचर म्हणजे कील, म्हणून कीलाकार.

मी घरी गणपतीची उरलेली शाडूची माती घेऊन आइस्क्रीमच्या काडीच्या कोपऱ्याने करून बघितलंय. गोल रेघ ओढायला गेलं की माती काडीबरोबर ओढली जाते, कडेला कणी उठते, आणि नुसतं दाबलं की एकदम स्वच्छ खूण येते. सुरुवातीची चित्रं पुढे सरळ पाचरींची का झाली हे तेव्हा हातालाच कळतं. ही लिपी इ.स.पू. ३३०० च्या आसपास सुरू झाली आणि तारीख लावता येणारी शेवटची पाटी इ.स. पहिल्या शतकातली आहे, म्हणजे तीन हजारांपेक्षा जास्त वर्षं वापरात होती.

२. माणसाने लिहायला सुरुवात धर्मासाठी केली का? पहिल्या पाट्यांवर काय आहे?

हिशोब आहे. दक्षिण इराकमधलं उरुक हे तेव्हाचं सगळ्यात मोठं शहर, इ.स.पू. ३१०० च्या सुमाराला जवळपास २५० हेक्टरवर पसरलेलं. तिथल्या एआन्ना या देवळाच्या आवारात पाच हजारांच्या वर पाट्या आणि तुकडे मिळाले आणि त्यातल्या दहातल्या जवळपास नऊ पाट्यांवर जव, मेंढ्या, बिअर, कापड, मजूर यांच्या नोंदी आहेत. देवळाच्या आवारातल्या असूनही त्यात प्रार्थना नाही, कोठाराचा हिशोब आहे.

मला यातली एक खूण फार आवडते. उरुकमध्ये खडबडीत, तिरक्या काठाचे वाडगे हजारोंनी सापडतात, बहुतेक मजुरांना धान्य किंवा भाकरी द्यायचे. त्या वाडग्याच्या आकाराची खूण म्हणजे भाकरी, आणि माणसाच्या डोक्यापुढे तो वाडगा काढला की अर्थ होतो 'खाणं', हिशोबात वाचायचं तर 'शिधा'. एक पाटी आहे तिच्यावर २९,०८६ मापं जव, ३७ महिने आणि 'कुशिम' एवढंच आहे. कुशिम हे माणसाचं नाव का हुद्दा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण माणूस असेल तर नावाने माहीत असलेल्या अगदी पहिल्या लोकांमधला हा एक कोठारवाला ठरतो.

उरलेल्या दहाव्या हिश्श्यात शब्दांच्या याद्या आहेत. त्यातली हुद्द्यांची यादी पुढे जवळपास हजार वर्षं नकलून काढली जात होती. म्हणजे शहर उभं राहतंय तोवरच कोण कोणाच्या वर हे लिहून ठेवायची गरज पडली होती.

३. अर्काइव्ह म्हणजे लायब्ररीच ना?

नाही, आणि हा फरक समजला की पुढचं बरंच सोपं होतं. लायब्ररीत पुन्हा पुन्हा वाचायच्या गोष्टी ठेवतात, अर्काइव्ह म्हणजे दफ्तर, कामाचे कागद. निनेवेला असुरबनिपाल राजाने (इ.स.पू. सातवं शतक) जमवलेला संग्रह, ज्याचे ३० हजारांच्या वर पाट्या आणि तुकडे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तो मुख्यतः लायब्ररी: शकुनशास्त्र, वैद्यक, मंत्र, गिलगमेश राजाची कथा. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथला जलप्रलयाची गोष्ट याच तुकड्यांमध्ये सापडली म्हणून ते नाव सगळ्यांना माहीत असतं.

पण शहर कसं चालायचं हे विचारायचं असेल तर दफ्तरात जावं लागतं. पेशवाईचं जसं आहे, बखर एक सांगते आणि पेशवे दफ्तरातल्या रुमालातला तेलातुपाचा जमाखर्च दुसरंच काही सांगतो, तसंच हे. राजाच्या शिलालेखावर 'मी चारी दिशांचा राजा' असतं, आणि मारी शहराच्या दफ्तरातलं एक पत्र म्हणतं की कुठलाच राजा एकटा बलवान नसतो, बाबिलोनच्या हम्मुराबीच्या मागे दहा-पंधरा राजे आहेत, लार्साच्या रिम-सिनमागे तेवढेच, आणि यमखदच्या यरीम-लिममागे वीस. आपल्याला शाळेत एकटा हम्मुराबी शिकवतात, त्याच्या काळातल्या माणसाला मात्र तो पाच-सहा बड्यांमधला एक दिसत होता.

४. कागद शंभर वर्षांत जातो, मग माती चार हजार वर्षं कशी टिकली? भाजायचे का?

सहसा नाही भाजायचे. नुसत्या उन्हात सुकवायचे, आणि काम झालं की पाटी पाण्यात भिजवून नवीन पाटी करायचे. म्हणजे जे व्यवस्थित चालू होतं ते दफ्तर बऱ्याचदा स्वतःच स्वतःला पुसत होतं. सुकलेली माती जमिनीखाली दबली तर टिकते, पण आपल्याकडे आलेली काही सगळ्यात मोठी दफ्तरं टिकली ती शहर जळालं म्हणून.

सीरियातल्या तेल मर्दिख इथे, म्हणजे जुन्या एब्लामध्ये, इटलीचे पाओलो मत्तिए १९६४ पासून खोदत होते. १९७५ मध्ये राजवाड्यातली एक छोटी खोली उघडली आणि जमिनीवर पाट्यांचा ढीग लागला. पूर्ण म्हणता येतील अशा सुमारे १,८००, शिवाय हजारो तुकडे. इ.स.पू. २३०० च्या आसपास राजवाडा पेटला, भिंतीलगतच्या लाकडी फळ्या जळाल्या, पाट्या होत्या त्याच क्रमाने घसरून खाली आल्या आणि त्याच आगीत भाजून पक्क्या झाल्या. त्यामुळे कुठली पाटी कुठल्या फळीवर होती हेसुद्धा बरंचसं परत मांडता आलं. ज्या आगीत त्या लोकांचं सगळं गेलं तिनेच आपल्यासाठी त्यांचं दफ्तर राखलं, हे मला अजूनही शांतपणे वाचता येत नाही.

याचा एक परिणाम लक्षात ठेवायला हवा. एब्लाचं दफ्तर जेमतेम ४०-५० वर्षांचं आहे. मारीचंही तसंच, हम्मुराबीने इ.स.पू. १७६० च्या सुमाराला शहर उद्ध्वस्त केलं त्याआधीच्या थोड्याच वर्षांचं. आपल्याला दिसतात ती बऱ्याचदा शहरांची शेवटची वर्षं.

५. ही लिपी वाचली कोणी? मुंबईचा काही संबंध आहे असं ऐकलंय.

आहे. हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला, इथे फारसी शिकला आणि १८३३ मध्ये इराणला पाठवला गेला. तिथे बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या दारयुश राजाचा मोठा लेख आहे, जुनी फारसी, एलामाइट आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत. त्याने १८३५ पासून पुढची बरीच वर्षं तो उतरवून घेतला. पण श्रेय एकट्याला देऊ नका. जर्मनीतल्या ग्रोटेफेंडने १८०२ मध्येच जुन्या फारसीतली राजांची नावं ओळखली होती, आणि बाबिलोनी भागाचं मोठं काम एडवर्ड हिंक्स या आयरिश पाद्र्याने केलं.

१८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच नवीन लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपर्ट या चौघांकडून वेगवेगळा भाषांतर करून सीलबंद मागवला. चौघांचा अर्थ बराचसा जुळला आणि तेव्हा लोकांची खात्री पटली की हे अंदाजाने चाललेलं नाही, खरंच वाचता येतंय.

६. तेव्हा पगार कसा मिळायचा? पैसे तर नव्हते.

नाणी नव्हती, शिधा होता. इ.स.पू. २११२ ते २००४ या काळात उर शहरातून राज्य करणाऱ्या घराण्याला अभ्यासक उर-तिसरं म्हणतात, आणि या शंभर वर्षांच्या एक लाखाच्या आसपास पाट्या आज माहीत आहेत. मजूर पुरुषाला महिन्याला साधारण ६० सिला जव, बाईला ३०, मुलांना वयाप्रमाणे १० ते २० (एक सिला म्हणजे लिटरभर). वर तेल आणि वर्षातून एकदा लोकर किंवा कापड. गिरसू भागात विणकाम करणाऱ्या बायका हजारोंनी नोंदलेल्या आहेत, पोरं बरोबर, आणि बाईच्या नावापुढे मेली, पळाली, आजारी अशा खुणा.

आता उम्मा शहरातल्या मुकादमाची वर्षाची पाटी बघा. वरच्या बाजूला येणं: त्याच्या हाताखाली इतक्या बायका, इतके महिने, म्हणजे इतके हजार दिवस काम झालं पाहिजे. खाली झालेलं काम: इतके दिवस दळण, इतके कापणीला, इतके कालव्यावर. शेवटी वजाबाकी, आणि तूट आली तर ती पुढच्या वर्षाच्या पाटीवर पहिल्याच ओळीत चढते. तूट जवळपास दरवर्षी येते, कारण कामाचं अपेक्षित माप मुळातच चढं लावलेलं असायचं. मुकादम मेला तर ही बाकी त्याच्या घरादारातून वसूल केली जायची. दळणारी बाई तर कुठे जाऊ शकतच नव्हती, पण तिच्यावर काठी घेऊन उभा असलेला माणूसही त्याच वहीत अडकलेला होता, आणि हे कुठल्या राजाच्या लेखात मिळालं नसतं.

वर्ष ३६० दिवसांचं आणि महिना ३० चा धरायचे, हिशोब सोपा पडावा म्हणून. मोजणी साठाच्या पटीत, आपल्या घड्याळातली ६० मिनिटं त्याच पद्धतीतून आलीयेत.

७. सगळं राजा आणि देऊळच चालवायचे का? खाजगी धंदा नव्हताच?

वरचं उत्तर वाचून असंच वाटतं, आणि बरीच वर्षं अभ्यासकांनाही वाटायचं, कारण पाट्या देवळांत आणि राजवाड्यांत सापडत होत्या. कानेशने हे चित्र बदललं, त्यामुळे इथे जरा जास्त लिहिते.

तुर्कस्तानात कायसेरीजवळ कुलतेपे नावाचा टेकाड आहे, ते जुनं कानेश. टेकाडाच्या पायथ्याला व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि तिथल्या घराघरांतून मिळून २३ हजारांच्या आसपास पाट्या निघाल्या, बहुतेक इ.स.पू. एकोणिसाव्या शतकातल्या. तहसीन ओझगुच यांनी १९४८ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. हे व्यापारी स्थानिक नव्हते, आजच्या इराकमधल्या असुर शहरातून आलेले होते, म्हणजे हजारेक किलोमीटर, गाढवांच्या तांड्याने सहा आठवडे. एका गाढवावर साधारण ६५ किलो कथील आणि थोडं कापड, नाहीतर पंचवीस-तीस कापडं. कथील पूर्वेकडून असुरला यायचं, आणि तांब्यात मिसळून कासं करायला अनातोलियात त्याला मागणी होती. कथलाचा भाव असुरपेक्षा कानेशला जवळपास दुप्पट मिळायचा. स्थानिक राजवाडा कापडावर ५ टक्के कर घ्यायचा, आणि त्या बदल्यात वाटेत लुटलं गेलं तर भरपाईची जबाबदारी.

पैसा बऱ्याचदा अनेकांचा मिळून असायचा. त्याला ते 'नारुक्कुम' म्हणजे पिशवी म्हणायचे: दहा-बाराजणांनी सोनं घालायचं, एक व्यापारी ते वर्षानुवर्षं फिरवणार, आणि शेवटी नफा ठरल्या हिश्श्याने. चार हजार वर्षांपूर्वीचं भागभांडवल आहे हे, राजाच्या हुकमाशिवाय उभं केलेलं.

आणि स्मगलिंगही होतं. कर चुकवायला आडवाट होती, तिला 'अरुंद वाट' असंच नाव होतं. एका पत्रात कळवलंय की चोरटा माल पकडला गेला, ज्याच्याकडे जाणार होता त्या पुशू-केनला राजवाड्याने अटक केली, राणीने आजूबाजूच्या शहरांना निरोप धाडलेत, पहारा कडक आहे, तेव्हा कृपा करून काही चोरून आणू नका. हा पुशू-केन वस्तीतला मोठा, प्रतिष्ठित माणूस. त्याच्या घरचं पुढच्या उत्तरात येतंय.

८. पाट्यांत बायका दिसतात का, का नुसत्या दासी आणि राण्या?

विणकर बायकांचं सहाव्या उत्तरात आलंय. राण्यांमध्ये गिरसूची बारानमतारा बघा, इ.स.पू. चोविसाव्या शतकातली. राणीच्या कारभाराचं वेगळं दफ्तर होतं आणि त्याच्या १,७०० च्या आसपास पाट्या मिळाल्यात, जमिनी, मासेमारी, बिअर, शिधा सगळं तिच्या नावाने.

पण मला जवळच्या वाटतात त्या असुरच्या बायका. नवरे वर्षानुवर्षं कानेशला, आणि या घर, पोरं, देवाचं देणं, कापड विणून घेणं आणि पाठवणं असं सगळं बघायच्या. पुशू-केनची बायको लमस्सी त्याला लिहिते की तू गेल्यापासून शलीम-अहुमने दोनदा घर बांधलं, आपलं कधी होणार? तराम-कुबीचं पत्र तर अंगावर येतं. नवरा इन्नाया तिला उधळी म्हणाला असणार, त्यावर ती म्हणते की जाताना तू एक शेकेल चांदीसुद्धा ठेवली नाहीस, घर झाडून नेलंस, मागे शहरात दुष्काळ पडला आणि घरात जवाचा एक दाणा नव्हता, मग मी उधळणार होते कशातून? या पत्रांचं अक्कडियन साधं आहे, वापरातल्या खुणाही थोड्याच, त्यामुळे बरीच पत्रं पेशाने लेखनिक नसलेल्यांनी, कदाचित काही या बायकांनी स्वतःच, लिहिलेली असावीत असं मानतात.

९. तो तांबेवाला एआ-नासिर खरा आहे का इंटरनेटने बनवलेला?

खरा आहे. उर शहर, इ.स.पू. १७५० च्या आसपास. नन्नी नावाच्या गिऱ्हाईकाची तक्रार: चांगलं तांबं देतो म्हणालास आणि माझ्या माणसापुढे वाईट लगडी टाकल्यास, वर म्हणालास घ्यायचं तर घ्या नाहीतर जा, पैसे घेऊन माणसं शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हाताने परत आली. मी ती पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये बघितलीय. अकरा-साडेअकरा सेंटिमीटर लांब आणि पाचेक रुंद, तळहातात मावेल एवढी, आणि दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली, जागा संपत आली तरी माणसाचा राग संपलेला नाही.

इंटरनेटवर फिरणाऱ्या फोटोंमध्ये येत नाही ती गोष्ट अशी की एआ-नासिरच्या घरात त्याला आलेली आणखीही पत्रं सापडलीत, आणि तो दिल्मुन म्हणजे बहारीनमार्गे समुद्रातून तांबं आणणारा व्यापारी होता. समुद्रावरच्या व्यापाराचं तेराव्या उत्तरात आहे.

१०. कर्ज, व्याज, सावकार हे सगळं होतं का?

भरपूर. हम्मुराबीच्या कायद्यात जवाच्या कर्जावर ३३ आणि एक तृतीयांश टक्के आणि चांदीवर २० टक्के दर आहे. पीक गेलं की शेतकरी बायकोपोरांना सावकाराकडे कामाला ठेवायचा. यावर राजे मधूनमधून, विशेषतः गादीवर आल्यावर, 'मिशारुम' म्हणजे न्याय जाहीर करायचे, एका अर्थी कर्जमाफी. हम्मुराबीचा चौथा वारस अम्मी-सदुका याचा आदेश बराचसा मिळालाय: थकबाकी रद्द, कर्जापायी दास झालेले मोकळे.

आता खाचखळगे. व्यापारी कर्ज आणि भागीदारीचा पैसा माफीत बसत नव्हता, फक्त पोटासाठी घेतलेलं बसायचं. मग काही सावकार कागदोपत्री पोटाच्या कर्जाला व्यापारी कर्ज दाखवायचे, आदेशात त्यावर शिक्षाही सांगितलीय. आणि हा आदेश खरोखर लागू व्हायचा हे कशावरून? खाजगी करारांवरून. काही करारांत मुद्दाम लिहिलेलं असतं की हा व्यवहार राजाच्या आदेशानंतरचा आहे.

११. साथीचे रोग कसे पसरतात हे त्यांना कळत होतं?

निदान मारीच्या झिम्री-लिम राजाला कळत होतं असं दिसतं. राणी शिब्तूला तो लिहितो की नन्नामे आजारी आहे असं ऐकलं, तिच्याभोवती बायकांचा राबता असतो, कडक हुकूम दे: ती पिते त्या पेल्यातून कोणी पिऊ नये, ती बसते तिथे बसू नये, झोपते त्या पलंगावर झोपू नये, हा आजार लागतो. जंतूंची कल्पना नाही, देवाचा कोप वगैरे इतर पत्रांत असतोच, पण पेला, आसन, अंथरूण ही यादी २०२० नंतर आपल्याला वेगळ्याच ओळखीची वाटते.

१२. लिहायला शिकायचे कुठे?

बऱ्याचदा गुरुजींच्या घरीच. निप्पूरला १९५१-५२ मध्ये खोदलेलं एक साधं घर आहे, अभ्यासक त्याला 'एफ' घर म्हणतात, त्यात १,४०० च्या आसपास पाट्या आणि तुकडे निघाले, बहुतेक शाळेचे. एका बाजूला गुरुजींचं वळणदार अक्षर, शेजारी पोराची नक्कल, पुसून पुन्हा लिहिल्याने ती बाजू झिजून पातळ झालेली. आधी नुसत्या पाचरी, मग अक्षरं, मग लाकूड, भांडी, प्राणी अशा वस्तूंच्या लांबलचक याद्या, मग पाढे, नमुन्याचे करार आणि शेवटी कविता. हे सगळं सुमेरियनमध्ये, जी तेव्हा घरात कोणीच बोलत नव्हतं. घरात पाट्या भिजवायची माती कालवायची खाचही होती, आणि जुन्या पाट्या भिंतीत आणि जमिनीत भराव म्हणून वापरलेल्या.

१३. मेलुहा म्हणजे आपली सिंधू संस्कृती का?

बहुतेक अभ्यासक हो म्हणतात. अक्कडचा राजा सारगोन (इ.स.पू. २३०० च्या आसपास) म्हणतो की मेलुहा, मगन आणि दिल्मुनची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. दिल्मुन म्हणजे बहारीन, मगन ओमान, आणि मेलुहा त्याच्याही पलीकडे. तिथून येणारा माल म्हणजे लाल अकीक, लाकूड, हस्तिदंत. सिंधूच्या मुद्रा उर आणि किश इथे मिळाल्यात. शू-इलिशू नावाच्या माणसाची लाटण्यासारखी फिरवायची मुद्रा पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, तिच्यावर त्याचा हुद्दा 'मेलुहाच्या भाषेचा दुभाषी' असा आहे. उर-तिसऱ्याच्या काळात तर लगाश भागात 'मेलुहाचं गाव' नोंदलेलं आहे, आणि तेही बाकी गावांसारखा जव भरत होतं.

दोन अडचणी. पहिली, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या असिरियन लेखांत मेलुहा म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख, नाव तेच पण देश बदललेला, त्यामुळे पाटी कुठल्या काळातली ते आधी बघायचं. दुसरी, दुभाषी होता म्हणजे दोन्ही लिपींतला लेख मिळेल ही आशा बऱ्याच जणांना असते, पण तसा लेख आजवर मिळालेला नाही. सिंधूचे लोक हिशोब कशावर ठेवत होते? कापड, पान, लाकूड असं काही असेल तर ते आपल्या पावसात टिकण्यासारखं नव्हतं.

१४. पाटीवर लिहिलंय म्हणजे ते खरंच असतं का?

नाही, आणि इथे नवशिक्यांइतकेच जाणकारही फसलेत. शाळेतले नमुना करार (प्रश्न १२) खऱ्या करारांसारखेच दिसतात, साक्षीदार आणि तारीख नसली की शंका घ्यायची. मुद्दाम केलेला बनावही आहे: सिप्परच्या सूर्यमंदिरात फुलीच्या आकाराचा एक दगडी लेख मिळाला, तो म्हणतो की अक्कडच्या मनिश्तुशू राजाने देवळाला मोठं उत्पन्न लावून दिलं. प्रत्यक्षात तो शेकडो वर्षांनंतर पुजाऱ्यांनी जुन्या धाटणीत तयार केलेला आहे, शेवटी 'हे खोटं नाही' असं लिहून. आणि आपलीच घाई: एब्लाच्या पाट्या निघाल्या तेव्हा त्यांत बायबलमधली शहरं सापडल्याचं जाहीर झालं होतं, पुढे नीट वाचल्यावर ते सोडून द्यावं लागलं.

१५. पाट्या थांबल्या म्हणजे शहर ओसाड पडलं असं धरायचं का?

तसं धरू नका. इ.स.पू. पहिल्या सहस्रकात अरामी भाषा चामड्यावर आणि पपायरसवर शाईने लिहिली जाऊ लागली, असिरियन शिल्पांत दोन लेखनिक शेजारी उभे दिसतात, एकाकडे पाटी नाहीतर मेण लावलेली फळी, दुसऱ्याकडे गुंडाळी. गुंडाळ्या कुजून गेल्या. म्हणजे नोंदी कमी झाल्या नव्हत्या, आपल्यापर्यंत पोचणाऱ्या कमी झाल्या. उलट बाबिलोनमध्ये देवळातले खगोलज्ञ इ.स.पू. सातव्या ते पहिल्या शतकापर्यंत ग्रहांबरोबर जव-खजुराचे भाव आणि नदीचं पाणी पाटीवर लिहितच राहिले.

१६. वेगवेगळ्या ठिकाणी तारखा वेगळ्या का असतात?

हम्मुराबीचा काळ इ.स.पू. १७९२ ते १७५० सगळ्यात जास्त वापरतात, ती 'मधली' कालगणना. शुक्राच्या जुन्या नोंदींमधून एकापेक्षा जास्त उत्तरं निघतात म्हणून वरची, मधली, खालची अशा गणना झाल्या, आणि मधली व खालची यांत ६४ वर्षांचा फरक पडतो. मी इथे सगळीकडे मधली धरलीय. घटनांचा आपसातला क्रम यामुळे बदलत नाही.

१७. अजून किती वाचायच्या बाकी आहेत?

जगभरच्या संग्रहालयांत मिळून पाच लाखांच्या आसपास पाट्या असाव्यात असा अंदाज सांगतात. एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये १ लाख ३० हजार. वाचणारे थोडे आणि तुकडे फार, एकाच पाटीचा अर्धा भाग एका देशात आणि अर्धा दुसऱ्या. म्युनिकच्या विद्यापीठात आता कॉम्प्युटरने तुकडे जुळवायचं काम चालतं आणि त्यातून नव्या ओळी मिळतायत.

१८. ऑनलाइन पाटी विकायला दिसली, घेऊ का?

घेऊ नका. २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, त्याआधी आणि नंतर दक्षिण इराकमधली टेकाडं खड्डे पाडून पोखरली गेली, आणि बाजारात येणारा माल बऱ्याचदा तिथला असतो, नाहीतर नकली. पाटी कुठल्या खोलीत, कुठल्या टोपलीत, कोणाच्या शेजारी होती हे गेलं की तराम-कुबीचं पत्र फक्त एका अनोळखी बाईची तक्रार उरतं, तिचा नवरा कोण आणि त्याचं घर कुठलं हे जोडायचा धागाच तुटतो. गिलगमेशच्या स्वप्नाची म्हणून ओळखली जाणारी पाटी अशीच बाहेर गेली होती, २०२१ मध्ये अमेरिकेने ती इराकला परत केली.

१९. मुंबई-पुण्यात काही बघायला मिळेल का?

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियाच्या राजवाड्यांतली कोरीव शिल्पं आहेत, एकोणिसाव्या शतकात इथे आलेली. पाट्यांचे चांगले फोटो मात्र घरबसल्या मिळतात, क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह या मोफत डेटाबेसमध्ये तीन लाखांहून जास्त नोंदी आहेत. फोटो बघताना प्रकाश डावीकडून पडलेला असेल असे निवडा, सावली पडली की पाचरी उठून दिसतात, आणि कडेवर लिहिलेलं असतं तेही बघायला विसरू नका, पत्रातली शेवटची निकडीची ओळ बऱ्याचदा तिथेच असते.